डॉक्टर येणार नव्हते म्हणून

शाळेतून फोन आला की मला आपलीच चूक असणार असं वाटतं. विद्यार्थी असताना हे सुरू झालं आणि पालक झाल्यावर वाढलं. त्यामुळे भर दुपारी ऑफिसात फोन वाजला आणि पलीकडून "मी मुख्याध्यापिका बोलतेय" असं ऐकू आलं, तेव्हा मी आधी खुर्चीतून उठून उभा राहिलो. फोनवर बाईंना मी दिसत नाही हे मला कळतं, पण माझ्या गुडघ्यांना कळत नाही.

"मुलीनं काय केलं?" मी विचारलं.

"मुलीनं काहीच केलं नाही. तुम्ही काय केलंत ते सांगायला यायचंय."

मी भराभर आठवायला लागलो. शाळेच्या फाटकासमोर गाडी लावू नये अशी पाटी आहे आणि पाटीखाली गाडी लावणाऱ्यांत मी असतो. पण बाईंनी तो विषय काढलाच नाही. दरवर्षी एक यशस्वी माजी विद्यार्थी शाळेत येतो, आपली वाटचाल सांगतो आणि मुलांना मोलाचा सल्ला देतो, असा कार्यक्रम असतो म्हणे. यंदा येत्या शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी त्यांनी माझा विचार केला होता. बाईंच्या आवाजात, बरेच नंबर फिरवून झालेल्या माणसाचा असतो तसा थकवा होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण 'यशस्वी' हा शब्द एकदा कानात शिरला की मागच्या शब्दांना आत जागा राहत नाही. मी हो म्हणून बसलो.

आता मी काय करतो ते सांगायला हवं. मी वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागाचा उपप्रमुख आहे. प्रमुखाची जागा बऱ्याच वर्षांपासून रिकामी आहे, त्यामुळे मी नक्की कोणाचा 'उप' आहे हे मलाही माहीत नाही. सकाळी खुर्चीत बसतो, लोक येतात, फोन येतात, आणि संध्याकाळपर्यंत जगातलं कोणतं मशीन कुठे उड्या मारतंय, कोणाचा पांढरा शर्ट गुलाबी झालाय हे मी ऐकून घेतो. याला कोणी वाटचाल म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

घरी सांगितलं तर बायको भाजी चिरता चिरता थांबली.

"यशस्वी? तुम्ही?"

तिच्या बोलण्यात कुचकेपणा मुळीच नव्हता. दारात आलेल्या पार्सलवरचा पत्ता वाचावा तसं तिनं विचारलं. "अहो, नीट ऐकलंत ना? नाहीतर मागच्या वेळेसारखं दुसऱ्याच्या लग्नाला जाऊन बसाल."

माझी मुलगी त्याच शाळेत नववीत आहे. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मला माझाच राग आला.

"बाबा, तू नाही म्हणून सांग."

"का गं? काय झालं?"

"काही नाही."

या 'काही नाही'बद्दल बोलायला हवं. ही मुलगी लहानपणी माझं डोकं खायची. मुंगीला घाम येतो का, इथपासून तिची सुरुवात व्हायची. पण हल्ली शाळेतून आली की दार लोटून आत बसते आणि काय झालं विचारलं की "काही नाही" म्हणते. परक्या माणसांच्या पोटातलं काढून घ्यायचा मला पगार मिळतो आणि घरात मी या दोन शब्दांच्या पुढे एक पाऊल गेलो नव्हतो. रोज वाटायचं, हिचं काहीतरी बिनसलंय. रोज वाटायचं, उद्या सांगेल. आणि आता तिच्या अख्ख्या शाळेसमोर माइक घेऊन मी उभा राहणार होतो. तिथे काही वेडंवाकडं झालं असतं तर 'काही नाही' म्हणण्यापुरतंसुद्धा तिनं तोंड उघडलं नसतं. मला भाषणाची भीती होतीच, पण तिची जास्त होती.

"एकदा शब्द दिलाय गं," मी म्हणालो.

"मग माझ्याकडे बघायचं नाही. माझं नाव घ्यायचं नाही. आणि प्लीज, विनोद करायचा नाही."

हे तिन्ही मी कबूल केलं. शेवटचं कबूल करताना थोडं दुखलं.

बातमी कशी फुटली कोण जाणे, पण संध्याकाळी शेजारचे पॉलिसीकाका दारात हजर. काका विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेत, पण सल्ला देण्यातून नाही. त्यांनी चपला काढायच्या आधीच विचारलं, "संघर्ष कुठला घेताय?"

"कसला संघर्ष?"

"अहो, यशस्वी माणसाच्या भाषणात आधी संघर्ष लागतो. त्याशिवाय पोरं ऐकत नाहीत. लहानपणी वडील गेले होते का?"

"नाही, आत जेवून झोपलेत."

काकांचा हिरमोड झाला. "रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास?"

"घरात दिवे होते."

"एखादा आजार? पाय वगैरे मोडला होता?"

"अंगठा सुजला होता एकदा."

काकांनी खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी सुखात बालपण काढून त्यांचा घात केला होता. मग म्हणाले, "बरं, नोकरी कशी लागली ते तरी सांगा." ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही, पण काकांनी विमा एजंटाच्या चिकाटीनं काढून घेतलं. आईच्या वॉशिंग मशीनची तक्रार घेऊन मी त्या कंपनीत गेलो होतो. काउंटरवरचा माणूस जागेवर नव्हता. गर्दी खूप होती आणि रिकामी खुर्ची फक्त काउंटरच्या पलीकडे होती, म्हणून मी तिकडे जाऊन बसलो. मी खुर्चीत बसलोय म्हटल्यावर लोक मलाच तक्रारी सांगायला लागले. आता एवढं तळमळून सांगणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी लिहून घेत गेलो. संध्याकाळी मॅनेजर आले आणि म्हणाले, तुम्ही बरे दिसताय, उद्याही या. तेव्हापासून जातोय. आईच्या मशीनची तक्रार मात्र अजून प्रलंबित आहे.

ऐकून काकांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "हे सांगू नका! चुकूनसुद्धा सांगू नका! पोरं काय शिकणार यातून? खुर्ची दिसली की बसा?" आणि त्यांनी स्वतः बसून मला भाषण लिहून दिलं. त्यात 'ध्येय', 'जिद्द' आणि 'शिखर' हे शब्द इतक्या वेळा होते, की वाचताना मला धाप लागायची.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे रजा मागायला गेलो. बाहेर बोलायचं तर परवानगी लागते हे मला तिथे कळलं.

"बोला की," साहेब म्हणाले, "पण कंपनीचं नाव घ्यायचं नाही. आणि तक्रार हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"साहेब, मी तक्रार विभागात आहे."

"गेल्या महिन्यापासून तो ग्राहक समाधान कक्ष आहे. पाटी बदलली, पाहिली नाहीत का? तक्रार म्हटलं की लोकांना वाटतं आपली मशीन बिघडतात."

"बिघडतातच की साहेब."

"ते तुम्हाला माहीत आहे. शाळेला कशाला?"

म्हणजे नोकरी कशी लागली ते सांगायचं नाही, नोकरी काय आहे ते सांगायचं नाही, आणि विनोद करायचा नाही. मग उरलं काय? ध्येय, जिद्द आणि शिखर. आरशासमोर मी ते म्हणायला लागलो की बायको हळूच टीव्हीचा आवाज वाढवायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शाळेच्या हेडक्लार्कनी निरोप धाडला की कार्यक्रमाच्या फाइलसाठी तुम्ही माजी विद्यार्थी असल्याचा पुरावा आणून द्या. मी गेलो. हेडक्लार्क म्हणजे चष्म्यावरून पाहणारे गृहस्थ. ते मला ओळखतात. मी शाळेत असतानाही तेच त्या खुर्चीत होते आणि तसेच पाहत होते.

"शाळा सोडल्याचा दाखला द्या," ते म्हणाले.

"तो कॉलेजनं ठेवून घेतला."

"मग कॉलेजकडून आणा."

"कॉलेज बंद पडलं."

"मग तुम्ही शाळा सोडलीत असं मी कसं धरू?"

"अहो, तुम्हीच मला पाण्याच्या टाकीवरून खाली उतरवलं होतंत. आठवतंय ना?"

"मला आठवतंय हो. पण फाइलला आठवायला नको?"

मग भिंतीवर जुने वर्गाचे फोटो होते त्यातून मी स्वतःला शोधून काढलं. मागच्या रांगेत, डोळे मिटलेला. हेडक्लार्कनी फोटो पाहिला, मला डोळे मिटायला लावले, पुन्हा फोटो पाहिला, आणि शेरा मारला. भिंतीशी डोळे मिटून उभ्या असलेल्या मला पाहत त्याच वेळी नववीचा एक वर्ग रांगेनं प्रयोगशाळेकडे गेला. त्या रांगेत माझी मुलगी होती. डोळे उघडले तेव्हा तिची पाठ दिसली.

त्या संध्याकाळी तिनं 'काही नाही'सुद्धा म्हटलं नाही.

शुक्रवारी मी लग्नातला कोट घातला. तो बसला, पण मी बसलो असतो तर फाटला असता, म्हणून रिक्षात अर्धवट उभ्यानंच गेलो. सभागृहाच्या दारात आलो आणि समोरचा भला मोठा फलक पाहून थांबलो. 'माजी विद्यार्थी, प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ यांच्याशी संवाद' असं त्यावर छापलेलं होतं आणि 'प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ' यावर पांढरा कागद चिकटवला होता. कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. वरचा पंखा फिरला की कागदाचं एक टोक उचललं जायचं आणि खालचे डॉक्टर डोकावायचे.

"डॉक्टरांना अचानक परदेशी जावं लागलं," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "मग वकिलांना विचारलं, ते म्हणाले कोर्ट आहे. मग तुमचं नाव सुचलं. जवळ राहता ना."

म्हणजे माझं यश हे शाळेपासूनच्या अंतरात होतं. पण मन दुखावून घ्यायलाही वेळ नव्हता. बाईंनी माइक हातात घेतला आणि घाईत जुनंच टिपण वाचायला सुरुवात केली. "आजच्या पाहुण्यांनी असंख्य बंद पडलेल्या..." इथे त्या अडखळल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि मनानंच वाक्य पुरं केलं, "...वस्तू पुन्हा सुरू केल्या आहेत." टाळ्या पडल्या. मी कोणतीच वस्तू आजवर सुरू केलेली नाही. ती कामं मेकॅनिक करतात. मी फक्त ऐकतो.

माइकसमोर उभा राहिलो. खिशात हात घालायला गेलो, तर कोटाचा खिसा शिवून बंद केलेला निघाला. काकांचं भाषण घरी आरशाखाली राहिलं होतं. समोर शेकडो डोळे. अशा वेळी तोंड जे रोज करतं तेच करतं. मी म्हणालो, "नमस्कार. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

हशा पिकला. बघायचं नाही असं ठरलं असूनही मी मुलीला शोधलं. ती मधल्या ओळीत कडेला बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं. झालं, मी मनात म्हणालो, आता ही दहावी होईपर्यंत बोलत नाही. 'ध्येय' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बोला, काय अडचण आहे?"

मागून एक मुलगा उठला. बहुधा गंमत म्हणून उठला असावा. "सर, माझ्या बाकाला खिळा आहे. पँट फाटते."

"कधीपासून?"

ही माझी खोड आहे. माणूस तक्रार घेऊन आला की मी आधी कधीपासून ते विचारतो आणि मग गप्प बसतो. मध्ये तोंड घातलं, उपाय सांगितला की ग्राहक भडकतो. त्याला मशीन दुरुस्त व्हायच्या आधी ते कसं बिघडलं हे कोणालातरी सांगायचं असतं. नवी पोरं आली की मी त्यांना एवढंच शिकवतो.

मुलगा गोंधळला. "सर, जूनपासून."

"आधी कोणाला सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही, सर."

मी टेबलावरचा कार्यक्रमाचा कागद उलटा केला आणि लिहून घेतलं. लिहून घेतोय हे दिसल्यावर सभागृहात खळबळ उडाली. मुलं उठायला लागली. रांग लागली, आणि रांग दिसली की मला कसं शांत वाटतं ते काय सांगू! नळाचं पाणी गरम येतं. खेळाचा तास गणिताला जातो. ग्रंथालयाला कुलूप असतं. प्रत्येकाला मी अहो-जाहो करत होतो, कधीपासून विचारत होतो आणि ऐकत होतो. बाई माझ्या बाजूला उभं राहून हळू आवाजात "मार्गदर्शन, मार्गदर्शन" म्हणत होत्या. दारात हेडक्लार्क चष्म्यावरून पाहत होते.

मग एक उंच, खांदे पाडलेली मुलगी आली. "सर, मला काय व्हायचंय ते मला कळत नाही. आणि सगळे रोज विचारतात."

"कधीपासून?"

"पाचवीपासून."

मी लिहिलं आणि थांबलो. इथे पाठवायला आमच्याकडे मेकॅनिक नव्हता. शेवटी मी काकांची, साहेबांची आणि मुलीची मनोमन माफी मागून सगळं सांगून टाकलं. आईचं मशीन, गर्दी, रिकामी खुर्ची, सगळं. मुलं इतकी हसली की फलकावरचा कागद सुटून खाली पडला आणि डॉक्टर पूर्ण उघडे पडले.

"मलाही कळलं नव्हतं," मी तिला म्हणालो. "अजूनही नीट कळलेलं नाही. पण नवीन मशीन सुरुवातीला आवाज करतंच. लोक घाबरून फोन करतात. आम्ही सांगतो, बिघाड नाही, वापरत राहा. आणि एखादं काम तुम्हाला न थकवणारं सापडलं, तर ते छोटं आहे म्हणून उठून जाऊ नका. माझ्याकडे एवढंच आहे. डॉक्टरांनी जास्त चांगलं सांगितलं असतं."

ती मुलगी हसली आणि बाजूला झाली. तिच्या मागे रांगेत माझी मुलगी उभी होती.

ती कधी उठली, कधी रांगेत आली, मला कळलंच नव्हतं. कान लाल झाले होते, नजर माइकवर.

"माझी तक्रार घरातली आहे," ती म्हणाली. "चालेल?"

मी मान हलवली.

"माझे बाबा मला रोज विचारतात, काय झालं. मी सांगायला लागले की दुसऱ्याच वाक्याला उपाय सांगतात. असं कर, तसं कर, त्यात काय एवढं. मग मी सांगायचं सोडून दिलं." तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तुम्ही सगळ्यांना कधीपासून विचारता. मला कधीच नाही विचारलं."

मला फार वाईट वाटलं. सांगायला खूप काही होतं. मी तुझ्या भल्यासाठीच बोलायचो, मला काळजी वाटायची, तुझा चेहरा पाहिला की मला दम धरवत नाही. पण ते सगळे उपायच होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सातवीपासून."

मी लिहून घेतलं. अक्षर जरा वाकडं आलं.

बाईंनी तेवढ्यात घंटा वाजवायला लावली. आभार मानताना त्या म्हणाल्या, पाहुण्यांनी वेळात वेळ काढला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आम्ही डॉक्टरांना आधीच गाठून ठेवू." मग माझ्या हातातला कागद काढून घेतला. "आणि यांना उत्तरं कोण देणार?"

"तुम्ही," मी म्हणालो. हे उत्तर द्यायला मी एरवी घाबरलो असतो.

मुलगी फाटकापाशी थांबली होती. मी रिक्षा शोधायला लागलो तर म्हणाली, चालत जाऊ. कोपऱ्यावर आलो. मग ती बोलायला लागली. तिची जिवलग मैत्रीण सातवीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. भांडण नाही, काही नाही, एके दिवशी दप्तर उचललं आणि गेली. तेव्हापासून डबा खायला ही कुठे बसू म्हणून रोज विचार करते. कधी जिन्यात बसते, कधी भूक नाही म्हणते. माझ्या घशाशी उपाय येत होते. दुसरी मैत्रीण कर, मी तिच्या आईशी बोलू का, बाईंना सांगू का. एकेक उपाय मी आवंढ्याबरोबर गिळत होतो आणि कोट काखेत उसवत होता. ती बोलत राहिली. किराणावाल्याचं दुकान गेलं, बस थांबा गेला, आमची गल्ली आली, आणि तिला अजून बरंच सांगायचं होतं, म्हणून आम्ही घरावरून पुढे जाऊन पुन्हा एक फेरी मारली.

दार उघडलं तेव्हा बायको कधीची वाट पाहत उभी होती. शेजारच्या दारातून पॉलिसीकाकांनीही डोकं बाहेर काढलं.

"काय हो, कसं झालं भाषण?" बायकोनं काळजीनं विचारलं.

"छान बोलली," मी म्हणालो.